रांधायचे फळ : ठाणे ते कल्याण

इंग्लंडमध्ये सफरचंदांची पहिली विभागणी रंगावरून किंवा आकारावरून होत नाही, उपयोगावरून होते. हातात धरून चावून खाण्याचे सफरचंद निराळे आणि चुलीवर चढवण्याचे निराळे, हा भेद तेथील घरांत, बाजारांत आणि फळबागांच्या नोंदवह्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दुसऱ्या वर्गातील फळ थोराड, सालीने हिरवे, क्वचित तांबूस झाक असलेले आणि चवीला इतके आंबट असते की कच्चे खाणाऱ्याचे दात आंबून जावेत. मात्र साखर घालून ते शिजवले की त्याचा गर फुलतो, फोडी मोडून त्यांचा हलका लगदा होतो, आणि गोड सफरचंदाची चव आचेवर जशी मवाळ होऊन हरवते तशी याची हरवत नाही. याचे कारण त्यातील मॅलिक आम्ल, म्हणजे 1785 साली कार्ल शील या रसायनशास्त्रज्ञाने सफरचंदाच्या रसातून प्रथम वेगळे केलेले आम्ल, या फळात भरपूर असते आणि साखर त्या मानाने कमी असते. कणकेच्या पारीत भरून भाजलेला पाय, वर पीठ-लोणी-साखरेचा भुगा पसरून भाजलेला क्रंबल, मांसाबरोबर वाढायचा आंबटगोड लगदा आणि मनुका घालून अख्खे भाजलेले फळ, हे सर्व पदार्थ या आंबटपणावर उभे आहेत.

या वर्गातील सर्वांत नावाजलेला वाण ब्रॅम्ली. नॉटिंगहॅमशायरमधील साउथवेल या लहानशा गावात 1809 साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने बागेत सफरचंदाच्या बिया लावल्या आणि त्यांतील एक रोप जगले. पुढे ते घर 1846 मध्ये मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाने विकत घेतले. दहा वर्षांनी हेन्री मेरीवेदर हा कोवळ्या वयाचा रोपवाटिकाकार त्या झाडाच्या काड्या मागायला आला, तेव्हा फळाला आपले नाव द्यावे एवढ्याच अटीवर ब्रॅम्लीने त्या दिल्या. आज जगात ब्रॅम्लीची जेवढी झाडे आहेत ती सर्व त्या एका झाडाची कलमे, किंवा कलमांची कलमे, आहेत. बी लावणारी मुलगी मात्र लग्न होऊन गाव सोडून गेली आणि तिच्या झाडाची कीर्ती तिला कळली नाही, हा या इतिहासातील थोडा अन्यायाचा भाग म्हणावा लागेल.

मेरीवेदरने काड्या नेल्या त्याच्या दोनच वर्षे आधी, 1 मे 1854 रोजी, मुंबईहून ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली होती. त्याच मार्गाने चैत्र-वैशाखात प्रवास केला असता रांधण्याच्या फळाचा एक वेगळाच प्रदेश दृष्टीस पडतो. येथे ते फळ सफरचंद नव्हे, कैरी आहे.

ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारात दोन्ही फळे जवळजवळ मांडलेली असतात आणि त्यांच्याशी वागण्याची रीत मात्र अगदी भिन्न दिसते. सफरचंदे कागदी तबकांत रचलेली, अंगावर चिकटपट्टी लावलेली, पुसून चकचकीत केलेली असतात. गिऱ्हाईक त्यांना फारसा हात लावत नाही, भाव विचारते, चार-सहा नग घेते आणि बहुधा कोणाच्या तरी आजारपणाचा किंवा उपवासाचा उल्लेख करून पुढे जाते. मराठी घरात सफरचंद हे रुग्णाच्या उशाशी ठेवायचे, लहान मुलाला किसून भरवायचे, फार तर कापून मीठ-मिरपूड भुरभुरवायचे फळ आहे. कोणी हौसेने त्याचा शिरा किंवा हलवा करते, पण तो पाहुणा पदार्थ. रोजच्या स्वयंपाकात त्याला जागा नाही. आंबट हिरव्या सफरचंदांपैकी ऑस्ट्रेलियातून निघालेले ग्रॅनी स्मिथ आता ठाण्यातील मोठ्या दुकानांत मिळते, परंतु ब्रॅम्लीसारखे केवळ शिजवण्याचे सफरचंद येथील हातगाड्यांवर दिसत नाही.

त्याला ऐतिहासिक कारण आहे. कॅप्टन ली याने 1870 च्या सुमारास कुलूजवळील बंद्रोल येथे सफरचंदाची बाग लावली तेव्हा त्याने रोपे आणली ती विलायती, आणि विलायती चवीची. पहाडात ती झाडे रुजली, पण तिथल्या लोकांच्या जिभेवर ती आंबटसर फळे रुळली नाहीत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थाने कोटगढच्या परिसरात अमेरिकेतून रेड डेलिशस या गोड, लालबुंद वाणाची कलमे आणून लावली आणि भारतातील सफरचंदाचा चेहरामोहरा कायमचा ठरून गेला. ठाण्यातील गिऱ्हाईक आज सफरचंद लाल आणि गोड असणारच असे धरून चालते ते त्या निवडीमुळे. आंबट सफरचंदाला येथे कोणी वाली मिळाला नाही, असे म्हणण्यापेक्षा त्याची जागा आधीच भरलेली होती, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

ती जागा भरणाऱ्या फळाकडे चार पावले चालत गेले की बाजाराचा आवाज बदलतो. कैरीच्या ढिगापुढे गिऱ्हाईक वाकते, फळ उचलते, देठाकडचा चीक पाहते, नखाने साल खरवडते, आणि विक्रेता न मागता सुरीने एक पातळ चकती कापून पुढे करतो. “काकू, पन्ह्याची पाहिजे का लोणच्याची?” हा त्याचा पहिला प्रश्न असतो, वाणाचे नाव त्यानंतर येते, कधी येतही नाही. हातगाडीवर तिखट-मीठ लावून खाण्यासाठी चोचदार तोतापुरी असते, जी दक्षिणेकडून येते आणि कच्ची असतानाही बेताचीच आंबट लागते. लोणच्यासाठी आणि साखरांब्यासाठी राजापुरी असते, जी मुख्यतः गुजरातच्या वलसाड भागातून येते, तळहातावर मावत नाही आणि जिचा गर घट्ट व कोय त्या मानाने लहान असते. आणि एका बाजूला, गोणपाटावर ओतलेल्या, आकाराने एकसारख्या नसलेल्या, काही डागाळलेल्या अशा रायवळ कैऱ्या असतात. रायवळ म्हणजे कलम न करता कोयीपासून उगवलेले झाड. अशा प्रत्येक झाडाचे फळ शेजारच्या झाडाहून वेगळे निघते, आणि म्हणून गोणपाटावरील दोन कैऱ्यांची चव सारखी असेलच याची हमी विक्रेताही देत नाही. “आंबटढाण आहे, बघा खाऊन,” एवढेच तो सांगतो, आणि तीच त्या फळाची जाहिरात असते.

लोणच्याची कैरी फोडण्याचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. जाड लाकडी फळीवर लांब मुठीचे पाते बसवलेले असते, ज्याला बाजारात मोठा अडकित्ताच म्हणतात. फोडणारा कैरी ओल्या फडक्याने पुसतो, देठाकडचा भाग उडवतो, फळ उभे धरून मूठ दाबतो, आणि साल, गर व आतील बाठ एकाच दणक्यात दुभंगतात. बाठ म्हणजे कोयीवरचे कठीण कवच. ते धरलेले असणे, म्हणजे पुरते टणक झालेले असणे, ही लोणच्याच्या कैरीची मुख्य कसोटी, कारण कोवळ्या कैरीची फोड बरणीत मऊ पडते. आतील पांढरी मऊ बी अंगठ्याने बाजूला काढून टाकली जाते, दुभंगलेल्या भागांच्या फोडी होतात आणि पिशवीत पडतात. गिऱ्हाईक उभ्या उभ्या फोडींच्या आकारावर देखरेख करत असते: कोणाला सुपारीएवढ्या हव्या, कोणाला दुप्पट मोठ्या, कोणाला बाठीसकट, कोणाला बाठ पूर्ण काढून. ठाण्यातील गर्दीच्या बाजारात इतर कोणत्याही फळाच्या खरेदीत गिऱ्हाईक आणि विक्रेता इतका वेळ एकमेकांसमोर उभे राहत नाहीत.

नौपाड्याकडे वळले की हीच कैरी घरांच्या आत दिसू लागते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीचे हळदीकुंकू चालते. गौर म्हणजे माहेरी आलेली पार्वती. तिला झोपाळ्यात बसवून भोवती आरास मांडतात आणि येणाऱ्या सवाष्णींना भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, पन्हे आणि आंबेडाळ देतात. पन्हे हे उकडलेल्या कैरीच्या गराचे पेय: गर कुस्करून त्यात गूळ किंवा साखर, वेलची, चिमूटभर मीठ, क्वचित केशर घालतात आणि लागेल तेवढे पाणी मिसळतात. आंबेडाळ म्हणजे भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटून तिच्यात कैरीचा कीस, हिरवी मिरची, ओले खोबरे, कोथिंबीर मिसळून वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी. इंग्लंडच्या स्वयंपाकघरातही आंबट फळ आणि साखर यांचीच जोडी आहे, परंतु तेथे ती जेवणाच्या शेवटी, थंडीच्या दिवसांत, भट्टीतून गरम येते. येथे ती उन्हाच्या तडाख्यात, जेवणाच्या आधी किंवा जेवणाशिवाय, थंड पेल्यातून येते. फळ शिजले की गर विरघळतो हा गुण दोन्हीकडे सारखाच उपयोगी पडला आहे. कैरीतील आंबटपणा मात्र प्रामुख्याने सायट्रिक आम्लाचा, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा असतो, म्हणून तो सफरचंदाच्या आंबटपणापेक्षा धारदार लागतो आणि जिभेवरून लवकर उतरतो.

हळदीकुंकवाच्या या चालीरीतींत एक सूक्ष्म शिष्टाचार आहे. पन्हे घेतल्यावर ते अधिक गोड किंवा अधिक आंबट झाले असे पाहुणीने म्हणायचे नसते, म्हणायचेच तर “गूळ घातलात का साखर?” असे विचारायचे, आणि त्या प्रश्नातून यजमानीण जे समजायचे ते समजते. इमारतींतील सदनिकांत गौरीचा झोपाळा आता दिवाणखान्यातील कपाटावर येऊन बसला आहे, नोकरीमुळे हळदीकुंकू सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी उरकले जाते, पन्ह्याचा तयार अर्क बाटलीतून आणला जातो. तरी आंबेडाळ मात्र बहुतेक घरी अजून हातानेच केली जाते, कारण वाटलेली डाळ फार वेळ टिकत नाही आणि बाटलीत भरता येत नाही.

ठाणे स्थानकाच्या पूर्वेला खाडीच्या बाजूस चेंदणी कोळीवाडा आहे. नौपाड्यात जी कैरी देवीपुढे जाते तीच येथे कालवणात पडते. कोळी स्वयंपाकात आंबटासाठी चिंच, कोकम आणि कैरी हे तीन पर्याय ऋतूनुसार आलटून पालटून येतात, आणि वैशाखात ताज्या मासळीच्या कालवणात कैरीच्या फोडी पडतात, तर सुकट किंवा जवळा कैरीबरोबर परतला जातो. जवळा म्हणजे बारीक कोलंबीसारखा सुकवलेला जीव, ज्याच्या खारट उग्रतेला कैरीचा आंबटपणा आवरून धरतो. कैरीच्या फोडी मीठ लावून उन्हात वाळवल्या की त्यांची आंबोशी होते; ती डब्यात भरून ठेवली की पावसाळ्यात ताजी कैरी संपल्यावर आमटीला आणि कालवणाला तीच उपयोगी पडते. ठाण्यावर पोर्तुगीजांचा अंमल 1737 पर्यंत होता, आणि आंब्यावर कलम बांधण्याची कला पश्चिम किनाऱ्यावर रुजवण्याचे श्रेय गोव्यातील पोर्तुगीज पाद्र्यांना परंपरेने दिले जाते; त्या कलमांनी हापूससारखे गोड आंबे टिकवले. आंबोशीसाठी कोणी हापूस कापत नाही. कलमाचा मान गोडाला आणि वाळवणाची मेहनत आंबटाला, अशी कामाची वाटणी या किनाऱ्यावर केव्हाच होऊन गेलेली दिसते.

ठाण्याहून निघालेली लोकल कळव्याचा पूल ओलांडून खाडीच्या कडेने मुंब्र्याकडे जाते. एका बाजूला पारसिकचे उघडेबोडके, उन्हात तापलेले डोंगर आणि दुसऱ्या बाजूला तिवरांची हिरवी पट्टी, मध्ये भरती-ओहोटीने भिजणारी खाजणे, असा हा टापू आहे. दिव्यापाशी सपाटी सुरू होते आणि जिथे पूर्वी भाताची खाचरे होती तिथे आता इमारतींची वस्ती आहे. या गाडीत बायकांच्या डब्यात मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते, वैशाखात कैरीच्या फोडींना तिखट-मीठ लावून कागदाची पुडी या हातातून त्या हातात फिरते. अनोळखी बाईपुढे कैरीची फोड धरणे येथे धारिष्ट्याचे मानले जात नाही. सफरचंद असे पुढे केले जाईल का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. सफरचंद हे एकट्याने संपवायचे फळ आहे, कैरी मुळातच वाटून खाण्याची आहे, कारण अख्खी कैरी एकट्याने खाणे बहुतेकांना झेपत नाही. आंबटपणामुळे फळ सार्वजनिक होते हे अनुमान थोडे धाडसाचे असेल, पण डोंबिवलीला उतरेपर्यंत ते खोडून काढणारा पुरावा डब्यात सहसा सापडत नाही.

डोंबिवली हे शिकलेल्या, नोकरदार, बव्हंशी मराठी कुटुंबांचे शहर. फडके रस्त्यावरून, गणेश मंदिराच्या परिसरातून, गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा निघते, आणि ती प्रथा याच शहरातून इतरत्र पसरली. पाडव्याच्या सकाळी कडुनिंबाच्या पानांबरोबर गूळ, चिंच किंवा कैरी अशी मिश्र चव घेऊन वर्ष सुरू होते, आणि तेथून पुढे दोन महिने येथील स्वयंपाकघरांत कैरीचे राज्य असते. पदार्थांची नावे घेत गेल्यास दमछाक व्हावी: किसलेल्या कैरीचा, कांदा आणि गूळ घातलेला तक्कू; मेथीच्या फोडणीचा गुळचट मेथांबा; कैरीचे सार; वर्षभर टिकणारा साखरांबा; साखरेऐवजी गुळात शिजवलेला गुळांबा. यांपैकी साखरांबा हा इंग्रजी जॅमचा सर्वांत जवळचा नातेवाईक आहे. राजापुरीचा कीस किंवा फोडी थोड्या वाफवून साखरेत मंद आचेवर शिजवायच्या, पाक एकतारी झाला की वेलची-केशर घालून उतरवायचे, आणि पाक पुढे गेला तर फोडी चिवट होतात म्हणून चुलीपाशी उभी असलेली बाई त्या वेळेत फोनही घेत नाही.

लोणच्याच्या वेळेवरून मात्र या शहरात दोन पक्ष आहेत, आणि इमारतीच्या जिन्यात दोन्ही पक्षांच्या गृहिणी समोरासमोर येतात. कोकणातून आलेल्या घरांत लोणचे मृगाच्या आत, म्हणजे पाऊस सुरू होण्यापूर्वी घातले पाहिजे, असा दंडक असतो. फोडींना पाण्याचा अंश लागला तर बुरशी येते, हे त्यामागील कारण. जळगाव-धुळ्याकडून, विदर्भाकडून आलेल्या घरांत याउलट पहिला पाऊस पडून गेल्याशिवाय लोणच्याला हात घालत नाहीत, कारण तेव्हाच कैरीची बाठ पुरती धरलेली असते आणि मोठ्या, बाठीसकट केलेल्या फोडी वर्षभर कडक राहतात. कोकणी फोड लहान, तेल बेताचे आणि मोहरीची डाळ फेसलेली. खानदेशी फोड मोठी, तेल वर तरंगणारे आणि मसाला भडक. दोन्ही घरे एकमेकांच्या बरणीतले लोणचे आनंदाने खातात आणि ते चुकीच्या वेळी घातले होते, असेही ठामपणे सांगतात.

या वादात एक गोष्ट दोन्हीकडून गृहीत धरलेली असते आणि ती इंग्रजी सफरचंदाच्या शेजारी ठेवल्यावर उठून दिसते. ब्रॅम्लीचा आंबटपणा वाणाच्या अंगचा आहे. ते फळ सप्टेंबरात तोडा वा ऑक्टोबरात, पेटीत भरून नाताळपर्यंत ठेवा, त्याचे स्वयंपाकाचे फळ असणे संपत नाही. कैरीचा आंबटपणा हा बव्हंशी वेळेचा आहे. राजापुरी झाडावर पिकू दिली तर गोड आंबा होते, आणि हापूसचीही वादळात गळलेली फळे कैरी म्हणूनच विकली जातात. इंग्रजांनी आंबटपणा कलमात बांधून ठेवला. डोंबिवलीतील घरांनी तो पंचांगात बांधून ठेवला आहे, आणि म्हणूनच मृगाआधी की मृगानंतर हा वाद येथे होऊ शकतो, साउथवेलमध्ये होऊ शकत नाही.

या दोन फळांची भेट पुस्तकात मात्र फार पूर्वी झाली. इझाबेला बीटन यांचे घरव्यवस्थेवरील विख्यात इंग्रजी पुस्तक 1861 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यात आंब्याच्या बंगाली चटणीची कृती दिलेली आहे: साखर, मीठ, लसूण, कांदे, सुंठ, सुक्या मिरच्या, मोहरी, मनुका, दोन बाटल्या उत्तम शिरका आणि 30 मोठी, कच्ची, आंबट सफरचंदे. नाव आंब्याच्या चटणीचे आणि तिच्यात आंबा औषधालाही नाही. हिंदुस्थानात राहून परतलेल्या कुटुंबांना तेथे कैरी मिळणे शक्य नव्हते, तेव्हा त्यांनी तिच्या जागी आपल्या देशातील आंबट फळ बसवले. आणि लक्षात घेण्यासारखे म्हणजे ते फळ कच्चेच घ्यावे असे कृतीत सांगितले, म्हणजे वाणाच्या आंबटपणावर विसंबून न राहता वेळेचा आंबटपणाही मागितला. पुढे सफरचंदाची चटणी हा इंग्रजी घरांचा स्वतःचाच पदार्थ होऊन बसला, आणि तिचे मूळ कैरीत आहे याची आठवण नावापुरतीही उरली नाही.

डोंबिवलीतील कित्येक घरांची मुले आज ब्रिटनमध्ये आहेत आणि हा व्यवहार आता उलट दिशेने चालतो. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, आणि तेथील मराठी घरांत चैत्रात आंबेडाळीची इच्छा झाली की भारतीय दुकानातील महागडी, प्रवासात सुकलेली कैरी घ्यावी की शेजारच्या बाजारातील हिरवे आंबट सफरचंद किसावे, असा प्रश्न पडतो. डोंबिवलीची आई फोनवरून सल्ला देते तो असा: सफरचंदाला पाणी फार सुटते, तेव्हा कीस पिळून घे, त्यात थोडे लिंबू पिळ आणि फोडणीत हिंग जास्त घाल. ब्रॅम्लीला चव आहे, पण कैरीचा चिकाचा वास नाही, ही तक्रार मात्र कोणत्याही युक्तीने मिटत नाही.

ठाकुर्ली मागे टाकून गाडी कल्याणला पोहोचते. कल्याण हे या प्रवासातील सर्वांत जुने गाव; कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांचा उल्लेख येतो आणि सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस याच्या लेखनातही हे बंदर आहे. याच गावात 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी 1883 मध्ये वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या आणि आपला वेश व आहार सोडणार नाही असे जाहीरपणे सांगून गेल्या. सफरचंदांच्या मुलखात त्यांनी कैरीची उणीव कशाने भरून काढली असेल, हा विचार कल्याणच्या बाजारातून चालताना मनात आल्यावाचून राहत नाही.

या बाजाराचे वैशिष्ट्य असे की येथे शहर आणि रान एकमेकांना भेटतात. स्थानकालगतच्या घाऊक बाजारात ट्रकने आलेली राजापुरी गोणीने विकली जाते, आणि त्याच रस्त्याच्या कडेला मुरबाड-शहापूरकडून पहाटेच्या गाडीने आलेल्या ठाकूर आणि कातकरी बायका पाटीत रानमेवा घेऊन बसलेल्या असतात: पानांच्या द्रोणात करवंदे, जांभळे, आणि रायवळ कैऱ्या. त्यांच्याशी घासाघीस करण्याची शहरी रीत थोडी लाजिरवाणी आहे. दुकानात छापील भाव निमूट देणारे गिऱ्हाईक येथे वाट्यामागे पाच रुपयांसाठी हुज्जत घालते, आणि पाटीवाली बाई शब्दाने न भांडता वाट्यातली एक कैरी शांतपणे काढून घेते. कैरी कोणत्या झाडाची असे विचारले तर ती वाण सांगत नाही, जागा सांगते: ओढ्याजवळच्या आंब्याची, देवळामागच्या आंब्याची. गावाकडे रायवळ झाडांना चवीवरून किंवा आकारावरून नावेही पडलेली असतात, कोणी शेपू, कोणी खोबरी, कोणी बिटकी. परंतु ही नावे त्या गावाची वेस ओलांडून बाजारात येत नाहीत.

साउथवेलचे झाडही मुळात रायवळच होते. बियांतून उगवलेले, कोणी न निवडलेले. ते 1900 च्या सुमारास वादळात आडवे पडले, पडलेल्या खोडातून पुन्हा वाढले, पुढे मुळांना बुरशी लागली, आणि नॉटिंगहॅम विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी त्याच्या उतीपासून, म्हणजे जिवंत पेशींच्या लहानशा तुकड्यापासून, नवी रोपे तयार केली. ते झाड उद्या नाहीसे झाले तरी त्याची चव नाहीशी होणार नाही. मुरबाड रस्त्याच्या रुंदीकरणात किंवा कल्याणजवळच्या नव्या वसाहतीत ओढ्याकाठचा आंबा तोडला गेला की त्या चवीची कैरी पुन्हा कोठेही मिळत नाही, कारण त्या झाडाच्या कोयी लावल्या तरी त्यांतून निघेल ते दुसरेच फळ. गोड फळाच्या झाडाला कलमाचा आधार मिळाला. आंबटाला तो मिळावा असे येथे फारसे कोणाला वाटले नाही, कारण आंबट फळ दरवर्षी मिळतेच, असा सर्वांचा भरवसा होता.

अगदी कोणालाच वाटले नाही असेही नाही. कोकण कृषी विद्यापीठाने वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘कोकण रुची’ हा खास लोणच्यासाठीचा आंबा तयार केला. कलमाने वाढवायचा, मुद्दाम रांधण्यासाठी निवडलेला वाण, म्हणजे ब्रॅम्लीचा खरा कोकणी भाऊबंद. कल्याणच्या गिऱ्हाइकाच्या तोंडी मात्र हे नाव नाही. ते अजूनही ‘लोणच्याची’ मागते, नख लावून बाठ पाहते आणि चकती खाऊन ठरवते. दुपार कलली की पाटीवाल्या बायका उरलेल्या कैऱ्या परत नेतात, कारण त्या फुकट जात नाहीत. घरी गेल्यावर त्यांच्या फोडी होतात, अंगणात वाळतात आणि श्रावणाच्या सुमारास आंबोशी म्हणून, मापाने आणि चढ्या भावाने, याच बाजारात पुन्हा येतात.